जुनी पाठदुखी आणि व्यायामाचा मार्ग

मज्झिमनिकायातील सेखसुत्तात एक लहानसा परंतु विचार करावयास लावणारा प्रसंग आहे. कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते आणि त्याचा प्रथम वापर तथागतांनी करावा, अशी त्यांची इच्छा होती. भगवान बुद्धांनी त्या सभागृहात रात्री बराच वेळ शाक्यांना धम्मोपदेश केला. त्यानंतर पुढील उपदेश आनंदांनी करावा, असे त्यांनी सांगितले. कारण त्यांची पाठ दुखत होती. संघाटीची चौपदरी घडी अंथरून ते उजव्या कुशीवर पहुडले. दीघनिकायातील संगीतिसुत्तातही असाच प्रसंग आला आहे. तेथे स्थळ पावा येथील मल्लांचे नवे सभागृह असून उपदेश करणारे सारिपुत्त आहेत. दोन्ही ठिकाणी पाठीसंबंधी जे पालि क्रियापद योजले आहे ते 'आयमति' हे होय. ताणणे, लांब करणे असा त्याचा अर्थ आहे. दुखणारी पाठ जरा ताणून मोकळी करावी, एवढाच त्या बोलण्याचा आशय आहे.

या प्रसंगांवरून भगवंतांनी व्यायामशास्त्र सांगितले, असा दावा आम्ही करणार नाही. तसा दावा करणे म्हणजे त्रिपिटकात नसलेले त्यात घालणे होय. परंतु दोन गोष्टी निश्चित दिसतात. तथागतांनी आपली पाठदुखी लपविली नाही, आणि तिचा दैवी अर्थही लावला नाही. शरीराचे दुःख त्यांनी शरीराचे दुःख म्हणून ओळखले आणि त्यावर साधा उपाय केला. हीच दृष्टी ठेवून जुनी पाठदुखी म्हणजे काय आणि ती ताण देण्याच्या व बळ वाढविण्याच्या व्यायामांनी कशी कमी करता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय आपल्या वाचकांपासून दूरचा नाही. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहाराविहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. अशा वेळी भिंतीकडेची जागा आधी भरते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्यांचे आयुष्य डोक्यावर ओझे वाहण्यात, ओणवे होऊन झाडण्यात, शेतात वाकून खुरपण्यात गेले, त्यांना पाठीला आधार हवा असतो. आता त्यांची मुले कार्यालयांत आठ-आठ तास खुर्चीवर बसतात आणि तीही कमरेवर हात ठेवूनच उठतात. कित्येकांनी पाठीच्या भीतीने काम सोडले, कित्येकांनी ध्यानास बसणे सोडले. म्हणून या प्रश्नाची नीट माहिती घेणे आवश्यक आहे.

पूर्वकर्म नव्हे, कारणपरंपरा

प्रथम एक गैरसमज दूर करू. 'अपदान' या ग्रंथात बुद्धांच्या पाठदुखीचे कारण पूर्वजन्मीच्या कर्मात शोधलेले आढळते. पूर्वजन्मी त्यांनी एका मल्लाला कुस्तीत इजा केली होती, असे तेथे म्हटले आहे. याउलट संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात भगवंतांचे म्हणणे वेगळे आहे. मोळिय-सीवक नावाच्या परिव्राजकाने त्यांना विचारले की, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्माचे फळ असते काय? त्यावर भगवंतांनी पित्त, कफ, वात, या तिहींचा संयोग, ऋतुबदल, शरीराची विषम हाताळणी, बाहेरून झालेला आघात अशी वेदनेची अनेक कारणे सांगितली. आणि सर्व काही पूर्वकर्मामुळे घडते असे म्हणणारे प्रत्यक्ष अनुभवाला सोडून बोलतात, असे स्पष्ट केले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त अमान्य केला, हे वाचकांस ठाऊक आहेच.

'शरीराची विषम हाताळणी' हे कारण आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. शक्तीबाहेर ओझे उचलणे, एकाच स्थितीत तासन्‌तास बसणे, शरीराला अजिबात हालचाल न देणे या सर्वांचा समावेश त्यात सहज करता येतो. कारण कळले की निवारणाचा मार्गही दिसू लागतो. 'नशिबाचा भोग' म्हणून जो पाठदुखी सोसत राहतो, त्याला मात्र तो मार्ग कधीच दिसत नाही.

पाठीची रचना

पाठीचा कणा हा एकसंध खांब नाही. मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ हलणारे मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्या खाली त्रिकास्थी व माकडहाड असते. मणक्यांमध्ये लवचिक गाद्या असतात. रात्री आडवे झाल्यावर या गाद्या पाणी शोषून किंचित फुगतात आणि दिवसभराच्या भाराने पुन्हा दबतात. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा थोडी अधिक भरते. सकाळी उठल्याबरोबर पाठ ताठरलेली वाटण्याचे हेही एक कारण आहे.

हा कणा स्नायूंच्या आधाराने उभा राहतो. तंबूचा खांब जसा चोहोबाजूंनी बांधलेल्या दोरांनी तोलला जातो, तसेच येथे घडते. पुढे पोटाचे स्नायू, मागे मणक्यांना बिलगून असलेले लहान स्नायू, बाजूंना कुशीचे स्नायू, वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ आणि नितंबांचे बळकट स्नायू या सर्वांना मिळून हल्ली व्यायामाच्या भाषेत 'कोअर' म्हणतात. एक दोर सैल पडला की दुसऱ्यावर ताण येतो, तसेच या स्नायूंचेही आहे.

या संदर्भात ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथे १९९६ साली प्रसिद्ध झालेले दोन अभ्यास लक्षात घेण्याजोगे आहेत. निरोगी माणूस हात उचलतो, त्याच्या अगोदरच पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू आकसतो आणि कणा सावरतो. कंबरदुखी असलेल्यांत हे आकसणे उशिरा होते, असे एका अभ्यासात आढळले. उसण बरी झाली तरी मणक्यांजवळचा क्षीण झालेला स्नायू आपोआप पूर्ववत होत नाही, त्यासाठी व्यायाम द्यावा लागतो, असे दुसऱ्यात दिसून आले.

दुखणे जुने का होते

बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या पाठदुखीला वैद्यकशास्त्र जुनी पाठदुखी म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने पीडित होते. यांपैकी सुमारे ९० टक्के रुग्णांत हाड मोडणे, जंतुसंसर्ग, गाठ असे कोणतेही एक निश्चित कारण सापडत नाही.

येथेच सामान्य माणूस घाबरतो. 'मणक्यात गॅप आहे', 'गादी झिजली', 'नस दबली' हे शब्द एकदा कानी पडले की आपला कणा आता कधी मोडेल याचा नेम नाही, असे त्याला वाटू लागते. वस्तुस्थिती वेगळी आहे. ज्यांची पाठ कधीही दुखत नाही अशा माणसांच्या तपासणीचित्रांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील ३७ टक्के आणि पन्नाशीतील ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. केस पांढरे होणे जसे वयाचे लक्षण, तशीच बहुतेकांच्या बाबतीत ही झीज होय. चित्रात दिसणारी झीज हेच दुखण्याचे कारण असेल असे नाही.

मग दुखणे टिकते कशामुळे? वेदना होते म्हणून माणूस हालचाल टाळतो. हालचाल टाळल्याने स्नायू आखडतात व क्षीण होतात. क्षीण स्नायूंवर थोडा भार आला तरी पुन्हा वेदना होते आणि भीती वाढते. दरम्यान मज्जासंस्थाही अतिसावध बनते व लहानशा ताणालाही मोठ्या वेदनेने उत्तर देऊ लागते. दुखणे हा मनाचा खेळ आहे, असा याचा अर्थ नव्हे. दुखणे खरेच असते. परंतु प्रत्येक वेदना नव्या इजेची खूण नसते.

संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. शारीरिक वेदना हा पहिला बाण. तिच्यामुळे मनात उठणारा शोक व तळमळ हा दुसरा. जुन्या पाठदुखीत भीतीचा दुसरा बाण पहिल्याची जखम भरू देत नाही, असे आजच्या वैद्यकीय ज्ञानाच्या आधारे म्हणता येते.

पूर्वी पाठदुखीवर अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. १९८६ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना केली गेली. अधिक दिवस झोपून राहिलेल्यांना अधिक लाभ झाला नाही. उलट त्यांचे कामाचे दिवस अधिक बुडाले. रोजंदारीवर जगणाऱ्यास या निष्कर्षाचे मोल वेगळे सांगावयास नको. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनातही नियोजित व्यायाम व रुग्णशिक्षण यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा व वजन लावून ताणणे हे उपाय नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत, असे म्हटले आहे.

प्रथम डॉक्टरांना केव्हा दाखवावे

व्यायामास आरंभ करण्यापूर्वी काही लक्षणे नाहीत याची खात्री करून घ्यावी. पायातील शक्ती कमी होणे, जांघेभोवतीचा भाग बधिर होणे, लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे अथवा लघवी तुंबणे, ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठविणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे यांतही तपासणी अगत्याची आहे. आपल्या देशात क्षयरोग मणक्यालाही होतो, हे विसरून चालणार नाही. तो औषधांनी बरा होतो. मात्र व्यायामाने बरा होत नाही. गरोदर स्त्रियांनी आणि हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्यायाम निवडावा.

ताण देण्याचे व्यायाम

हे व्यायाम सतरंजीवर करावेत. उठल्याबरोबर न करता अर्धा-एक तास घरात वावरून मग करावेत. झटका देऊ नये आणि श्वास रोखू नये.

१) पाठीवर निजून दोन्ही गुडघे वाकवावेत. एक गुडघा हातांनी हळूहळू छातीकडे घ्यावा, १५ ते २० सेकंद धरून सोडावा, मग दुसरा. प्रत्येकी तीन वेळा.

२) हात व गुडघे टेकून ओणवे व्हावे. मांजर अंग ताणते त्याप्रमाणे पाठ सावकाश वर गोलाकार करावी, मग सावकाश खाली आणावी. सहा ते आठ वेळा पुरे.

३) पाठीवर निजून एका तळपायास पंचा किंवा ओढणी अडकवावी आणि तो पाय शक्य तेवढा सरळ ठेवून वर उचलावा. मांडीच्या मागे सुखावह ताण जाणवला की २० ते ३० सेकंद थांबावे. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की वाकताना सारा भार कमरेवर येतो.

४) एक गुडघा जमिनीवर व दुसरा पाय पुढे ठेवून धड ताठ ठेवावे आणि कंबर थोडी पुढे न्यावी. मागच्या पायाच्या जांघेत ताण येतो. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्यांना याची विशेष गरज असते.

बळ वाढविण्याचे व्यायाम

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांनी कण्यावर अल्प भार पडेल असे जे तीन व्यायाम सुचविले, त्यांत आम्ही सोपा सेतू हा चौथा जोडला आहे.

१) पाठीवर निजून एक गुडघा वाकवावा, दुसरा पाय सरळ ठेवावा. दोन्ही तळहात कमरेखालच्या पोकळीत ठेवावेत. पोट किंचित घट्ट करून डोके व खांदे जमिनीपासून जेमतेम उचलावेत. आठ-दहा सेकंद थांबून खाली यावे. पूर्ण उठून बसण्याची आवश्यकता नाही.

२) कुशीवर वळून कोपर व गुडघा यांच्या आधारावर कंबर वर उचलावी व धड सरळ रेषेत ठेवावे. प्रारंभी पाच सेकंद पुरेत. दोन्ही कुशींवर करावे.

३) ओणवे होऊन उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ लांबवावा. पाठ सपाट राहावी. पाठीवर पाण्याने भरलेले भांडे ठेवले आहे असे समजावे. मग हात-पाय बदलावेत.

४) पाठीवर निजून गुडघे वाकवावेत व पावले जमिनीवर रोवावीत. नितंब आवळून कंबर वर उचलावी, पाच सेकंद थांबावे व सावकाश खाली यावे.

प्रत्येक प्रकार पाच-सहा वेळा केला तरी पुरे. एकंदर पंधरा-वीस मिनिटे लागतात. पैसा मुळीच लागत नाही. करताना थोडे दुखले तर घाबरू नये. ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमले पाहिजे. परंतु वेदना पायात खाली उतरू लागली किंवा मुंग्या वाढल्या तर तो प्रकार थांबवावा आणि सल्ला घ्यावा.

हेच व्यायाम सर्वश्रेष्ठ आहेत, असे आम्ही म्हणत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात २४९ चाचण्या तपासल्या गेल्या. काहीच न करण्यापेक्षा व्यायामाने जुनी कंबरदुखी कमी होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. कोणत्याही एका पद्धतीपेक्षा नियमितपणा महत्त्वाचा, असे आमचे मत आहे. जो व्यायाम आपण रोज करू शकतो, तोच आपल्यासाठी चांगला.

प्रमाण आणि सातत्य

सोण कोळिविस या भिक्खूची कथा वाचकांना आठवत असेल. चंक्रमण करता करता त्यांची पावले रक्तबंबाळ झाली, तरी मनाला शांती लाभेना. ते पूर्वी वीणा वाजवीत असत. वीणेच्या तारा अति ताणल्या तरी सूर निघत नाही आणि अति सैल सोडल्या तरीही निघत नाही, याची भगवंतांनी त्यांना आठवण दिली. पाठीच्या स्नायूंनाही हाच न्याय लागू आहे. पहिल्याच दिवशी उत्साहाने पन्नास वेळा करून दुसऱ्या दिवशी अंथरूण धरणारे आणि दोन दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडून देणारे, दोघेही मध्यम मार्ग चुकतात. आठ ते बारा आठवडे नेमाने करावे आणि मगच परिणाम जोखावा. सतिपट्ठानसुत्तात अवयव आखडताना व पसरताना जागरूक राहण्यास सांगितले आहे. व्यायामाच्या वेळी ती जागरूकता ठेवली, तर कोणता ताण हितकर आणि कोणता अपायकारक हे आपले आपल्याला कळू लागते.

याला चालण्याची जोड द्यावी. अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले असून त्यांत प्रवास झेपण्याची क्षमता व निरोगीपणा यांचा समावेश आहे. वैशाली येथे भिक्खूंना आजार जडू लागले, तेव्हा वैद्य जीवकाच्या विनंतीवरून भगवंतांनी चंक्रमणाची अनुमती दिली, असे विनयपिटक सांगते. ऑस्ट्रेलियातील ७०१ जणांवर केलेली एक चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. हे सर्व कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले होते. ज्यांना टप्प्याटप्प्याने चालणे वाढविण्यास शिकविले, त्यांचे दुखणे उलटण्याचा मध्य कालावधी २०८ दिवस आढळला. इतरांचा तो ११२ दिवस होता. आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालणे, हे त्यांच्यापुढे सहा महिन्यांत गाठावयाचे उद्दिष्ट होते.

ध्यानास किंवा ग्रंथवाचनास बसताना कमरेखाली उंच उशी घ्यावी. अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत. ज्यांना जमिनीवर बसता येत नाही त्यांनी निःसंकोचपणे खुर्ची घ्यावी. तथागतांनी जे भर सभेत सांगितले, ते सांगण्यास आपण का लाजावे?

श्रमाचा प्रश्न

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. व्यायामाने पाठ सबळ होते. पण त्यामुळे कोणत्याही पाठीवर कितीही ओझे लादण्याचा परवाना कोणास मिळत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली. महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी ओझे आले, त्यांच्या पाठदुखीचे कारण केवळ त्यांच्या स्नायूंत शोधणे हा अन्याय होय. लांब दांड्याचा झाडू, ओझ्याला चाकांची गाडी, घरापर्यंत नळाचे पाणी, कामात विश्रांतीची वेळ हेही पाठदुखीवरचेच उपाय आहेत आणि ते संघटित होऊनच मिळतात. तोपर्यंत ओझे उचलताना ते अंगाशी घ्यावे, गुडघ्यांत वाकावे आणि ओझे हाती असता कमरेत पिळा देऊ नये.

आपल्या विहारांत सकाळच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे सर्वांनी मिळून हे व्यायाम करण्याचा प्रघात पाडावा, असे आम्ही सुचवितो. एकट्याने घरी केलेला नेम लवकर मोडतो. चारचौघांत केलेला टिकतो. भिंतीचा आधार घेणाऱ्या आपल्या आयाबहिणींना तीन महिन्यांनी त्या आधाराची गरज थोडी जरी कमी भासली, तरी त्या वर्षावासात वाचनाबरोबर एक कामही झाले, असे म्हणता येईल.